मागणारा शांतवन

शांतवनची कबर जेसीबीनं खणली. मी कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होतो. मशीननं चार घास घेतले आणि काम झालं. बाजू सरळ आल्या नाहीत, एका कोपऱ्याला माती ढासळली. मी काही बोललो नाही. बोलायचा हक्क माझा मीच घालवलाय.

नंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "तात्या, मंडळीच्या अंकात शांतवनवर तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्याला कुणी ओळखत नव्हतं." मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर हातात गवंड्याची थापी धरली, लेखणी नाही. तरी लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यात मी बरा माणूस निघेन, ही भीती.

भवानीनगरच्या अलीकडं कालव्याच्या अंगाला आमची वस्ती. थोडीच ख्रिस्ती घरं, एक पत्र्याच्या छपराचं देऊळ, आणि वर माळाला आमची स्मशानभूमी. आमच्यात माणूस गेलं की खड्डा मंडळीतल्या माणसांनीच खणायचा, बाहेरच्याकडून नाही, अशी जुनी रीत. खड्डा अरुंद असतो. एका वेळी एकच जण आत मावतो, दुसरा वर थांबून घमेली ओढतो. आत मी आणि वर शांतवन, अशी आमची जोडी वर्षानुवर्षं होती. वस्तीतल्या किती जणांना आम्ही दोघांनी जागा करून दिली, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. मात्र माझ्या खड्ड्याच्या भिंतीला ओळंबा लावला तरी चालेल, एवढा गर्व ठेवला.

शांतवन उंच, काटकुळा, दमेकरी. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. कारखान्याच्या रस्त्याला त्याचं चहाचं खोपटं होतं. भेटला की "सलाम, तात्या" म्हणायचा आणि लगेच काहीतरी मागायचा. काडेपेटी मागायचा. मोबाइलवर काय आलंय ते वाचून मागायचा. पाठीवर हात पोचत नाही, जरा खाजवा, असंही म्हणायचा, आणि तेही देवळाच्या दारात, चारचौघांत. त्याची बायको लवकर गेली. पोरगी सुगंधा त्यानं वस्तीकडून वाढवून घेतली म्हणायला हरकत नाही. वेणी एकीच्या घरी, भाकरी दुसरीच्या घरी. तिचे शाळेचे झगे माझी बायको मार्था शिवायची. आम्हाला लेकरू झालं नाही. मार्थाला ती पोर दारात आली की बरं वाटायचं. मला वाटायचं, काय हा बाप्या, स्वतःची पोरगी स्वतःला सांभाळता येत नाही.

खड्ड्याच्या कामाला आला की पहिल्यांदा टोपी काढायचा. कडेला उभा राहून डोळे मिटायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "प्रभू, मला हे काम जमणार न्हाय. तू हाईस म्हणून लागतो." नुसतं घमेली ओढायचं तर काम. मला हसूही यायचं, रागही यायचा.

"अरे, जमणार न्हाय तर आलास कशाला?"

"तेच तर त्याला सांगतोय, तात्या."

मधे दम लागला की पुन्हा डोळे मिटायचा. ती प्रार्थना लांबत जायची. मी खालनं ओरडायचो, "शांत्या, प्रार्थना करतोस का विसावा घेतोस?"

"दोनी एकच की, तात्या."

एकदा बारामतीला आम्ही दोन नव्या पहारी घ्यायला गेलो. उन्हाळ्याचे दिवस. बाजारातून स्टँड बरंच लांब. मी माझी पहार खांद्यावर टाकली आणि चालायला लागलो. शांतवननं त्याची रस्त्यावर टेकवली आणि उभा राहिला. पोलीस आला, त्यालाच म्हणाला, "साहेब, जरा धरता का? पाणी पिऊन येतो." त्या पोलिसानं धरली. भर चौकात सरकारी माणूस पहार धरून उभा. मी लाजेनं पुढं निघून गेलो. घामाघूम होऊन स्टँडवर पोचलो तर हा रसवंतीत बसलेला. कुणीतरी स्कूटरवाला त्याला पहारीसकट सोडून गेला होता.

"तात्या, तुमची तुमी आणली. माझी त्यानं आणली."

"त्यानं म्हंजी त्या स्कूटरवाल्यानं."

"त्याला कुणी धाडला, ते बोला."

"कुणी धाडलं न्हाय. तुझं केविलवाणं तोंड बघून थांबला."

"तोंडबी त्यानंच दिलंय की," म्हणाला, आणि माझ्यासाठी रस सांगितला. त्या रसात आलं जास्त झालं म्हणून मी कुरकुर केली. तहान लागली होती ते कबूल केलं नाही.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब विचारतात, कुणाला कशासाठी प्रार्थना हवी. एकेक माणूस उठून सांगतं. शांतवन दर रविवारी उठायचा. सुगंधाची परीक्षा, शेळीचं दूध आटलं, स्टोव्ह पेटत नाही, झोपेत बरगडी दुखते. लोक तोंडाला पदर लावून हसायचे. मी कधी उठलो नाही. देवळाच्या भिंती मी बांधलेल्या. बांधणाऱ्यानं भिंतीच्या आत उभं राहून रडायचं, हे मला पटायचं नाही. मला वाटायचं, देवानं दोन हात दिले, अक्कल दिली, आता त्याला उगाच त्रास कशाला द्यायचा. हे मी एकदा शांतवनला सांगितलं.

"देवावर टाकायचं म्हंजी काय रे? हातपाय गाळून बसायचं?"

"न्हाय तात्या. हातपाय त्याचेच समजून हलवायचे. थकले तर त्याचेच थकले." मग गालात हसून म्हणाला, "तुमी देवाकडं जाता हजेरी द्यायला. मी जातो रेशन आणायला."

आमच्या मार्थाला किडनीचा त्रास सुरू झाला, तेव्हा तिची फार इच्छा होती की मंडळीनं घरी येऊन प्रार्थना करावी. मी म्हणायचो, "आपलं घर चव्हाट्यावर मांडायचं न्हाय." बारामतीला दवाखान्यात मीच न्यायचो, मीच आणायचो, स्वयंपाकही शिकलो. कुणाला डबा आणू दिला नाही. एका रविवारी ती आपली आपण उठली. साडीचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "आमच्या घरासाठी." एवढंच बोलून खाली बसली. घरी जाताना वाटेत मी तिला नको ते बोललो. ती म्हणाली, "मी तुमचं नाव कुठं घेतलं?" पुढं घरापर्यंत माझ्या चार पावलं मागं चालली. त्यानंतर ती कधी उठली नाही. शांतवन उठायचा. म्हणायचा, "एका घरासाठी. देवाला ठावं हाय कुठल्या." सगळ्या मंडळीलाही ठाऊक होतं. मी समोरच्या भिंतीकडं बघत बसायचो.

शेवटच्या आठवड्यात मार्थानं मला जवळ बोलावलं. "एक मागू का?" म्हणाली. माझ्याकडं काही मागायचं तर ती असंच आधी विचारायची. "माझ्यावर पहिली माती तुमच्या हातची पडू द्या." मी हो म्हणालो.

ती पहाटे गेली. उन्हाळा होता, देह फार वेळ ठेवता येणार नव्हता. दुपारनंतर लगेच विधी ठरला. मी पहार घेतली आणि माळावर गेलो. मागनं शांतवन धावत आला, धापा टाकत.

"तात्या, आज तुमी न्हाय. आज तुमी वैनीजवळ बसा. आमी खणतो."

"माझ्या बायकोची जागा दुसरा कुणी करणार न्हाय."

"बरं. मग खालच्या अंगाला घ्या. वर खडक हाय."

मी वरच घेतली, माझ्या आईबापांच्या शेजारी. मंडळीतली आणखी माणसं आली. त्यांनाही मी हात लावू दिला नाही. गुडघाभर गेलो आणि पहार वाजली. काळा खडक. घाव घातला की ठिणगी उडायची आणि कपचा निघायचा नखाएवढा. ऊन डोक्यावर आलं. मी सकाळपासून पाणी प्यालो नव्हतो.

शांतवन कडेला उकिडवा बसला. "तात्या, पलीकडच्या मळ्यात पाइपलाइन चाललीय. खडक फोडायचं मशीन हाय ट्रॅक्टरला. मालकाला इचारून येतो."

"भाड्याच्या मशीननं माझ्या बायकोची कबर खणायची न्हाय."

"भाडं कोण देतंय? हात जोडतो. माणूस चांगला हाय."

तेव्हा मी खड्ड्यातून वर बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुझा जन्म हात जोडण्यात गेला. पोरगी दुसऱ्यांनी वाढवली, पहार दुसऱ्यांनी वाहिली. भिकारी हाईस तू. देवाच्या नावावर भीक मागतोस."

शांतवननं टोपी घातली. थोडा वेळ खोकला. मग म्हणाला, "व्हय तात्या. भिकारीच हाय. म्हणून जाऊ शकतो." आणि मळ्याकडं चालायला लागला.

मी पुन्हा पहार उचलली. पुढं किती घाव घातले ते आठवत नाही. शेवटचं आठवतं ते तोंडाला लागलेली तापलेली माती. मला तिथून काढायला चौघं लागले म्हणे. मळ्याच्या मालकानं आपल्या जीपमधून मला जवळच्या दवाखान्यात पोचवलं आणि मशीन माळावर पाठवलं. मी अर्धा दिवस जे फोडत होतो, ते मशीननं बघता बघता फोडलं.

शुद्धीवर आलो तर हाताला सलाइन. उठायला गेलो, उठता येईना. कंबरेत काहीतरी कायमचं गेलं होतं. खिडकीतलं ऊन उतरलेलं बघितलं आणि कळलं, आता तिला खाली सोडत असतील. ज्या कामासाठी एवढा जीव काढला, त्याच कामाला मी हजर नव्हतो. तिनं मूठभर मागितलं होतं. मी तिला अख्खा खड्डा द्यायला निघालो होतो.

तेवढ्यात शांतवन आला. अंगभर धूळ, श्वास शिटीसारखा वाजतोय. मंडळीला त्यानं थांबवून ठेवलं होतं. रस्त्यावर उभं राहून कुणा अनोळखी मोटारसायकलवाल्याला हात जोडून आला होता. खिशातून रुमाल काढला, सोडला. रुमालात माती होती, कबरीच्या कडेची. त्यानं माझा मोकळा हात घेतला, माती तळहातावर ओतली आणि माझी बोटं मिटवली.

"धरा, तात्या. नुसती धरा. न्यायचं काम माझं. पहिली माती तुमच्या हातचीच पडंल. वैनींनी मलाबी सांगितलं हुतं."

मला सगळं दिसत होतं, कळत होतं. हात हलत होता. फक्त मूठ धरून ठेवायची होती. पण ज्याला दुपारी चारचौघांत भिकारी म्हणालो, त्याच्या ओंजळीतून मी घ्यायचं? मनात एवढंच आलं. मी मूठ उघडली. मुद्दाम उघडली. माती चादरीवर सांडली आणि मी तोंड भिंतीकडं वळवलं.

शांतवन नर्सबाईंना म्हणाला, "अशक्त झालेत, हातात जोर न्हाय." आणि चादरीवरची माती बोटांनी गोळा करायला लागला. वळ्यांमधली, उशीखालची. त्याच्या बोटांची खरखर मला ऐकू येत होती. रुमाल बांधून तो निघून गेला.

पाळकसाहेबांनी पुढं मला सांगितलं, त्यानं तीच माती पहिल्यांदा टाकली. टाकताना म्हणाला, "ही तात्यांच्या हातची हाय." सगळ्यांनी आमेन म्हटलं. पाळकसाहेब हे सांगताना मला धीर देत होते. मी मान हलवली. खरं काय ते त्यांना आज हे वाचून कळेल.

त्यानंतर मी शांतवनशी बोलणं टाकलं. माणूस ज्याचा गुन्हेगार असतो त्याचंच तोंड बघवत नाही. तो मात्र यायचा. काठीनं चालणाऱ्या माझ्या दारात उभा राहून मागायचा. "तात्या, वाटीभर साखर हाय का?" चहाचं खोपटं चालवणारा माणूस माझ्याकडं साखर मागायचा. मी न बोलता वाटी द्यायचो. दुसऱ्या दिवशी चहापत्ती. मग एकदा म्हणाला, खोपटातल्या चुलीचा दगड हलतोय, बसवून द्या, तुमच्यासारखा गवंडी कुठं मिळायचा. मी काठी टेकत गेलो आणि बसल्या बसल्या दगड बसवून दिला. तेव्हा मला वाटलं, कोडगा माणूस. आता वाटतं, त्याला माझ्या दारात यायला दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती.

मग त्याचा दमा बळावला. सुगंधा त्याला सासरी घेऊन गेली, कऱ्हाटीला. शांतवन नाही म्हटल्यावर रविवारची उपासना लवकर सुटायला लागली. मागायला कुणी फारसं उठेना. मी कधी उठलो नव्हतो, तरी मला ते जाणवलं. घरी येऊन मी जेवलो नाही.

शेवटी त्याला भेटायला निघालो. पाळकसाहेब गाडीवर सोडतो म्हणाले, मी नको म्हणालो. सवय जात नाही. एसटीनं बारामती, पुढं दुसरी एसटी, मग काठी टेकत फाट्यापासून आत. सुगंधा शेतावर गेली होती. दार उघडं. शांतवन दाराशी बाजेवर आडवा पडलेला. चेहरा एवढासा झालेला, पण मला बघून डोळे हसले.

"सलाम, तात्या. बरं झालं आला. मला जरा उठवून बसवा. आडवं पडून श्वास पुरत न्हाय."

सलामाला सलाम करायच्या आधीच त्याचं मागणं. मी काठी भिंतीला लावली आणि त्याच्या काखेत हात घातले. ह्या हातांनी मी सिमेंटची पोती माळ्यावर चढवलीत. शांतवन म्हणजे नुसती हाडं. तरी उचलेना. कंबरेतून कळ आली आणि मी बाजेच्या कडेवर बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा तेच. तो धापा टाकत हसायला लागला.

"हसू नको रे. मरशील."

"हाक मारा की, तात्या."

"कुणाला?"

"रस्ता हाय. कुणीबी असंल."

मी दारात गेलो. जन्मात मी रस्त्यावरच्या माणसाला हाक मारली नव्हती. चौकट धरून उभा राहिलो. मागनं त्याचा श्वास वाजत होता. मग ओरडलो, "अहो, कुणी हाय का? जरा या हो. मला एकट्याला होत न्हाय."

एक दूधवाला गाडी थांबवून आत आला. त्यानं शांतवनला लेकरासारखा उचलून बसवला. टेकायला मागं काही नव्हतं. सुगंधानं गोधड्या धुऊन वाळत टाकल्या होत्या. शांतवन म्हणाला, "तात्या, माझ्या मागं बसा. पाठीला पाठ लावून. गोधड्या वाळस्तवर." दूधवाला गोधड्या बघायला घरामागं गेला.

मी बसलो. त्याची पाठ माझ्या पाठीला लागली. मणका न् मणका जाणवत होता. त्याचं तोंड रस्त्याकडं, माझं घरातल्या अंधाराकडं. तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला बोलता आलं.

"शांतवन, त्या दिवशी दवाखान्यात मूठ मी मुद्दाम सोडली."

श्वास एकदा आत गेला, बाहेर आला.

"ठावं हाय, तात्या. बोटं मीच मिटवली हुती. जोर हुता त्यांच्यात."

"मग मंडळीत तसं का बोललास?"

"हात लागला हुता की. तेवढं पुरं हाय. उरलेलं त्याच्याकडं मागून घेतलं."

क्षमा हा शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मी पाठ ताठ करून बसलो होतो, त्याला नीट आधार मिळावा म्हणून. तोच म्हणाला, "एवढं ताठ कशाला बसता? तुमीबी टेका. दोघं पडायचो न्हाय."

मी टेकलो. खरंच पडलो नाही.

गोधड्या आल्या. दूधवाल्यानं त्या रचून त्याला बसता केला. शांतवननं त्यालाच सांगितलं, "ह्या तात्याला फाट्यावर सोड. चालत सोडू नको, लई हट्टी हाय." मी गपचूप गाडीवर बसलो, दोन किटल्यांच्या मधे. निघताना काठी दूधवाल्यानंच माझ्या हातात दिली.

वळणावर मी मान वळवून बघितलं. शांतवन दारात गोधड्यांना टेकून बसला होता. समोरून कडब्याचा भारा घेऊन एक बाई चालली होती. त्यानं तिला हात करून काहीतरी म्हटलं. काय मागत होता कोण जाणे. तिनं भारा रस्त्याच्या कडेला उतरवला, पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं गेली. एवढंच दिसलं.